गाडीसाठी बफर घेताना: १५ मिमीचं डीए मशीन आणि ते चालवायची रीत

ऑनलाइन ‘कार पॉलिशर’ शोधलं की एकाच पानावर तीन जातींची मशीनं दिसतात आणि तिन्हींच्या खोक्यावर तीच चकचकीत लाल गाडी छापलेली असते. प्रत्यक्षात त्यातलं एक मशीन फक्त वॅक्स पसरवतं, दुसरं बेसावध हातात रंगच काढून टाकतं, आणि तिसरं नवख्याने गाडीवर ठेवलं तरी सहसा मोठं नुकसान करत नाही. हे तिसरं म्हणजे १५ मिमी ऑर्बिटचं ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर, ज्याला बाजारात नुसतं ‘डीए’ म्हणतात. घरची गाडी वर्षा-दोन वर्षांतून एकदा नीट करायची असेल तर हेच घ्यावं. बाकीची दोन का नकोत, ते आधी पाहू.

दोन बाजूंना मुठी असलेलं १० इंची बफर सगळ्यात स्वस्त. मोटर साधारण १२० वॅटची, खाली चिकटवलेला सपाट फोम आणि त्यावर चढवायच्या इलॅस्टिकच्या कापडी टोप्या: टॉवेलच्या कापडाची वॅक्स लावायला, केसाळ टोपी पुसायला. वेग बहुतेक मॉडेलांत एकच. बॉनेट, टप अशा सपाट भागांवर वॅक्स पसरवायला हे ठीक आहे. पण ‘ओरखडे घालवतं’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते विसरा. जरा दाब दिला की मोटर बसते, टोपी फोमवरच घसरत राहते आणि कंपाउंडला, म्हणजे ओरखडे घासून काढणाऱ्या कणदार लिक्विडला, रंग घासायला लागणारा जोर पोचतच नाही. टोपीच्या शिवणीतलं नायलॉनचं लेबल कापायचं राहिलं तर नवे ओरखडे फुकट मिळतात. दाराच्या हँडलखालची खोलगट जागा, पिलर, बंपर इथे एवढी मोठी तबकडी बसत नाही, म्हणजे ते सगळं हातानेच करावं लागतं. हॅचबॅकला हाताने वॅक्स करण्याच्या मानाने यात फार तर पंधरा-वीस मिनिटं वाचतात. तेवढ्यासाठी दोन-तीन हजार घालण्यात अर्थ नाही.

दुसरं रोटरी, म्हणजे डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात दिसतं ते. पॅड चिकटवायची १८० मिमीची प्लेट, हजार-बाराशे वॅटची मोटर, वेग साधारण ६०० ते ३००० आरपीएम. सरावलेल्या हातात याच्याइतकं वेगवान काही नाही. नवीन रंगावर २००० नंबरचा पाणी पेपर मारल्यावर उरणाऱ्या रेघा काढायला रोटरी सोयीचं पडतं. पण पॅड एकाच अक्षाभोवती फिरत असल्यामुळे सगळी उष्णता एका जागी साचते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते आणि त्यातला क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ३५ ते ५० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी). उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. म्हणून गाडीच्या सगळ्या आयुष्यात यातले मोजकेच मायक्रॉन घासायची मुभा आहे. बॉनेटच्या कडेवर, दाराच्या क्रीजवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे रोटरीचं पॅड दोन-तीन सेकंद रेंगाळलं तर थेट प्रायमर दिसतो.

स्वस्त रोटरीत आणखी एक अडचण असते. चांगल्या मशीनमध्ये दाब पडला तरी वेग कायम ठेवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि हळू सुरुवात करणारा स्विच असतो. स्वस्तात हे दोन्ही गाळलेलं असतं. ट्रिगर दाबताच मशीन हिसका देतं, कंपाउंड काचेवर उडतं, दाबलं की वेग पडतो आणि हात हलका केला की एकदम चढतो. लोकरी पॅडने असं बफिंग केलेली गाडी सोडताना लखलखते, कारण कंपाउंडमधल्या तेलाने बारीक रेघा तात्पुरत्या भरलेल्या असतात. दोन धुण्यांत तेल गेलं की उन्हात पंख्यासारखे पट्टे दिसू लागतात. डिटेलिंगवाले त्याला होलोग्राम म्हणतात.

ही मशीनं विकणाऱ्या दुकानांत चार इंची ग्राइंडरला लावायचं व्हेल्क्रो पॅडही मिळतं. तो ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो. गाडीच्या रंगाजवळ तो नेऊच नका, कुणी कितीही व्हिडिओ दाखवला तरी.

आता डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी मध्यापासून सरकलेल्या अक्षामुळे छोट्या वर्तुळात डोलतंही. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे ऑर्बिट. स्वतःभोवतीचं फिरणं मोटरला पक्कं जोडलेलं नसतं, म्हणून जास्त दाबलं किंवा पॅड कडेवर तिरकं झालं की ते थांबतं आणि नुसतं थरथरतं. याच कारणाने रंग सहसा जळत नाही, आणि याच कारणाने वळणदार बंपरवर कामही होत नाही. यावर उपाय म्हणून सक्तीने फिरणारी मशीनं आहेत, जर्मन फ्लेक्सचं ८ मिमी ऑर्बिटचं एक्ससी ३४०१ व्हीआरजी हे त्यातलं नावाजलेलं. पण त्यात चुकीला माफी कमी आणि किंमत घरगुती वापराच्या पलीकडची. २१ मिमीची मशीनं मोठ्या सपाट एसयूव्हीला झकास चालतात. आपल्याकडच्या हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हींच्या दारांवर इतक्या घड्या आणि रेघा आहेत की १५ मिमीच सोयीचं पडतं. इटालियन रुपेसच्या एलएचआर १५ ने हा घाट रूढ केला आणि आज पाच-आठ हजारांत मिळणारी बहुतेक बिनानावाची मशीनं त्याच बांधणीची आहेत.

स्वस्त आणि महाग डीएमध्ये चमकेचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो बेअरिंग, आवाज आणि हाताला बसणाऱ्या हादऱ्यांत. स्वस्त मशीन सलग दोन तास धरलं की बोटं बधिर होतात. बाकी क्लिअर कोटला समोरचं मशीन इटलीचं आहे की कुठलं, याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून पैसे मशीनमध्ये कमी आणि पॅडमध्ये जास्त घालावेत.

मशीन आलं की पॅड लावायच्या आधी प्लेट हाताने फिरवून पाहा. ती सहज, कुरकुर न करता फिरली पाहिजे; अडखळली तर तिथेच परत करा. मग प्लेटच्या कडेवर मार्करने एक ठळक उभी रेघ मारा. ही रेघ सगळ्या कामाची चावी आहे: मशीन चालू असताना रेघ गरगरताना दिसली तर पॅड फिरतंय, एका जागी थरथरली तर फिरायचं थांबलंय आणि तुम्ही नुसता वेळ घालवताय. वेगाची डायल १ वर ठेवली की मशीन खरोखर सावकाश चालतं का, हेही बघून घ्या. काही मशीनांत १ आणि ३ मध्ये फरकच नसतो आणि वॅक्सच्या वेळी त्याचा त्रास होतो. पॅड न लावता पूर्ण वेगात हवेत फिरवू नका. आत एक वजन असतं, ते ठरावीक मापाच्या प्लेट आणि पॅडचा तोल सांभाळायला बसवलेलं असतं. ५ इंचांच्या जागी ३ इंची प्लेट लावली की मशीन दातखीळ बसल्यागत थडथडतं ते याचमुळे. छोट्या जागांसाठी वेगळं ३ इंची मशीन किंवा सरळ हात वापरावा.

प्लेट ५ इंच असेल तर पॅड साडेपाच किंवा ६ इंची हवं. पॅड आणि प्लेट एकाच मापाची असली तर तिरकं होताच प्लेटची कड रंगाला लागते. मशीनबरोबर फुकट येणारी पॅडं बहुतेक वेळा टाकाऊ असतात: गरम झालं की व्हेल्क्रोचा गोंद सुटतो आणि पॅड उडून जातं. पॅडच्या रंगांचाही काही नियम नाही. एका कंपनीचं पिवळं पॅड कडक, कटिंगचं (ओरखडे घासून काढायचं) असतं, दुसऱ्या कंपनीचं तेच मऊ, फिनिशिंगचं (शेवटची चमक आणायचं). बोटाने दाबून बघायचं. एका हॅचबॅकला किमान दोन कटिंग, चार मध्यम आणि एक मऊ पॅड लागतंच. एका पॅडवर सगळी गाडी उरकणाऱ्यांची शेवटची दोन दारं नेहमी धुरकट निघतात.

पॅडवर लावायच्या लिक्विडबद्दल, म्हणजे कंपाउंड आणि त्याहून सौम्य पॉलिशबद्दल, थोडक्यात. हार्डवेअरच्या दुकानातली डब्यातली जाडीभरडी रबिंग पेस्ट डीएवर चालत नाही. ती लगेच सुकते आणि खोल रेघा मारते. मेन्झर्नासारख्या कंपनीच्या लिक्विडमधले कण घासता घासता बारीक होत जातात, त्यामुळे त्यांना पूर्ण वेळ द्यावा लागतो. मेग्वायर्सच्या अल्टिमेट कंपाउंडसारख्यांत कण मुळातच अतिबारीक आणि एकसारखे असतात, तिथे थोडं आधी थांबलं तरी चालतं. सुरुवात करणाऱ्याला दुसरा प्रकार सोपा.

काम सावलीतच. एप्रिल-मेमध्ये काळ्या गाडीचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो आणि त्यावर कंपाउंड टाकताच भाजून पांढरा भुगा होतो. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये पहाटे सुरुवात केली तर दुपारपर्यंत अर्धी गाडी होते. हॅचबॅकला सगळ्या गाडीवर एकदाच पॉलिश आणि वॅक्स धरून सहा-सात तास धरून चालावेत.

गाडी आधी शाम्पूने, दोन बादल्या घेऊन धुवा: एक शाम्पूची, एक कपडा खळबळायची. आपल्याकडच्या गाड्यांवर जे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात त्यांचं उगमस्थान बहुतेक वेळा रोज सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसणं हेच असतं. तो कार्यक्रम बंद होणार नसेल तर पॉलिशवर पैसे घालू नका, महिन्यात गाडी परत तशीच होईल. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून कपड्याने मिनिटभर लावा आणि लगेच धुवा. जातील ते जातील, खोल गेलेले पॉलिशवर सोडा.

धुतल्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बॉनेटवरून हात फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, हवाच. बांधकामाच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर सिमेंटचे आणि रंगाचे कण घट्ट बसलेले असतात. ते तसेच ठेवून बफर फिरवला तर पॅड ते सगळ्या पत्र्यावर घासत नेतं. क्ले भरपूर शाम्पूच्या पाण्यावर सरकवायचा, दाबायचा नाही. जमिनीवर पडला की तुकडा फेकून द्यायचा.

मग टेप. साधा पिवळा मास्किंग टेप चालतो, पण उन्हात ठेवू नका, गोंद राहतो. रबरी बीडिंग, काळं प्लास्टिक, लोगो, वायपरचे नोझल, पार्किंग सेन्सर आणि बॉनेट-दारांच्या तीक्ष्ण कडा झाका. काळ्या दाणेदार प्लास्टिकवर कंपाउंड किंवा वॅक्स बसलं की पांढरं पडतं आणि टूथब्रशने घासूनही पूर्ण जात नाही.

सगळ्या गाडीवर तुटून पडण्याआधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात फूटभर जागेवर चाचणी करा. आधी मध्यम पॅड आणि बारीक पॉलिश. त्याने काम झालं तर कंपाउंड उघडायचंच नाही. नाही झालं तरच कटिंग पॅड. नखाला अडकणारा ओरखडा मशीनने जात नाही, तो टचिंगचा, म्हणजे तेवढ्या जागेवर नवा रंग लावायचा, विषय आहे. मॅट रंगावर पॉलिश करायचंच नाही, आणि सिरॅमिक कोटिंग असेल तर पॉलिशने तेही निघून जाणार, हे धरून चाला.

कोऱ्या पॅडच्या सगळ्या तोंडाला आधी बोटाने लिक्विडचा पातळ हात द्या, मग त्यावर वाटाण्याएवढे चार थेंब. पुढच्या प्रत्येक भागाला तीनच थेंब पुरतात. दीड फूट बाय दीड फुटाचा भाग ठरवा. पॅड पत्र्यावर टेकवा, डायल १ वर चालू करून लिक्विड पसरवा, मग डायल ४ किंवा ५. आडव्या ओळी, त्यावर उभ्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली. हाताचा वेग सेकंदाला साधारण एक इंच. हे इतकं सावकाश असतं की पहिल्यांदा करणाऱ्याला आपण काहीच करत नाही असं वाटतं, आणि बहुतेक जण दुप्पट-तिप्पट वेगाने हात मारून ‘मशीनने काही होत नाही’ म्हणतात. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडा जास्त. प्लेटवरची रेघ थांबली की तो कमी करा. चार ते सहा फेऱ्यांत दुधी थर विरळ होत जवळजवळ पारदर्शक होतो आणि खालचा रंग ओलसर दिसू लागतो. तिथेच थांबा. उचलण्याआधी मशीन पत्र्यावर असतानाच बंद करायचं, नाहीतर शर्टावर आणि छतावर नक्षी उमटते.

मायक्रोफायबरने पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं. शंका असेल तर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन-चार भाग पाणी मिसळून फवारा आणि पुसा. तेल निघून गेल्यावरही ओरखडे दिसले नाहीत तर ते खरंच गेलेत.

पांढरा भुगा उडू लागला तर लिक्विड जास्त झालंय, पत्रा गरम आहे किंवा पॅड भरलंय. पॅड प्रत्येक भागानंतर कडक ब्रशने झाडायचंच. काम संपल्यावर धुरकटपणा राहिला तर पॅड कडक पडतंय. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने डायल ३ वर आणखी एक हात. मशीन उड्या मारायला लागलं तर पॅड कोरडं पडलंय किंवा प्लेटच्या मध्यावर नीट बसलेलं नाही. बंपर आणि आरशांची कव्हरं प्लास्टिकची असतात, उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही. तिथे डायल ३ आणि निम्म्याच फेऱ्या. गाडीचा रंगच पॅडवर उतरू लागला तर दोन शक्यता. जुन्या मारुती ८०० किंवा अ‍ॅम्बेसेडरसारख्या क्लिअर कोट नसलेल्या रंगावर तसं होणारच, घाबरू नका. अलीकडच्या मेटॅलिक गाडीवर झालं तर क्लिअर कोट संपलाय, मशीन बंद करा.

वॅक्सला हेच मशीन, मऊ पॅड, डायल १ ते २, दाब अजिबात नाही. नुसता थर पसरवायचा असतो, तोही इतका पातळ की जेमतेम दिसावा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना दम निघतो. दहा-पंधरा मिनिटांनी बोट ओढून बघा: रेघ स्वच्छ उमटली तर पुसा, चिकट पसरली तर थांबा. पावसाळ्यात दमटपणामुळे वेळ जास्त लागतो. उन्हाळ्यात उलट होतं, वॅक्स कडक बसतं. त्यावर तेच वॅक्स किंचित लावलं की जुना थर मऊ होतो आणि निघतो. कार्नौबा वॅक्स म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. गडद रंगावर त्याची झाक सुंदर, पण आपल्या उन्हात दीड-दोन महिन्यांच्या वर अपेक्षा ठेवू नये. कोकणात आणि गोव्यात, जिथे खारा वारा आणि चार महिने पाऊस, तिथे सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सच्या जागी लावायचा कृत्रिम थर, जास्त पुरतो. नवीन रंग मारलेल्या भागावर रंगाऱ्याला विचारल्याशिवाय वॅक्स लावू नका. आतले द्रव बाहेर पडायला साधारण महिनाभर तरी द्यावा लागतो.

विजेचं बघताना, ९०० वॅटचं मशीन चार अ‍ॅम्पिअरच्या आसपास खेचतं. पार्किंगमधल्या लांब एक्स्टेन्शनची वायर बारीक असेल तर ती गरम होते आणि मशीनचा जोर पडतो, १.५ चौरस मिमीची वायर घ्या आणि रीळवर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडा. धुतलेल्या ओल्या फरशीवर जोड ठेवू नका. वायर खांद्यावरून मागे टाकली की रंगावर घासत नाही. कालांतराने मोटरमध्ये ठिणग्या वाढल्या, जळका वास आला तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे, झिजलेत. विकत घेतानाच विक्रेत्याकडून कार्बनची एक जोडी मागून घ्या. बिनानावाच्या मशीनचे कार्बन वर्षभराने त्याच मापात मिळतीलच असं नाही, आणि तेवढ्यावाचून चांगलं मशीन माळ्यावर जातं.

पॅडं त्याच दिवशी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा, पिळू नका, तळहातांमध्ये दाबा, आणि व्हेल्क्रोची बाजू वर करून सावलीत वाळवा. कंपाउंडचं पॅड आणि वॅक्सचं पॅड एकाच पिशवीत ठेवू नका. कंपाउंडचे चार कण वॅक्सच्या पॅडवर गेले तरी पुढच्या खेपेला चमकवताना ओरखडे पडतात. आणि मशीन ठेवताना पॅड काढूनच ठेवा. वजनाखाली फोम एका बाजूने दबला की ते पॅड नंतर कधीच सपाट फिरत नाही.